पद्माकरमामाचं दीड मिनिटाचं गाणं

ती. चित्रलेखामामी हिस,
कालगुर्लीहून मयूराचा साष्टांग नमस्कार.

निषेधाचं गाणं नेमकं कुणाला ऐकू जावं म्हणून गायचं असतं? मामी, पत्राची सुरुवात तब्येतीच्या चौकशीने करायची असते हे मला ठाऊक आहे. पण या प्रश्नाने माझं डोकं खाल्लंय आणि त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. (मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले म्हणून तू गल्लीभर पेढे वाटलेस, तेव्हापासून फ्रीज बंद पडला तरी सगळे मलाच विचारतात, त्यामुळे ‘येत नाही’ म्हणायची सवय राहिलेली नाही.) तर तुझा गुडघा कसा आहे? लशीच्या दुसऱ्या डोसनंतरचा ताप उतरला का? आणि एक विनंती: हे पत्र बसून, शेवटपर्यंत वाच. मध्ये खालून कुणी हाक मारली तरी उठू नकोस. पत्र टपालाने न येता शेजारच्या नीलाताईंच्या हातून कसं आलं, तेही शेवटी कळेल.

मामा इथे तीन महिन्यांसाठी आला आणि विमानं बंद झाली, ते तुला माहीतच आहे. पुढे विमानं सुरू झाली तरी तुझा लेक, रवीदादा, ‘बघू’ म्हणत राहिला, तेही माहीत आहे. माझी युनिव्हर्सिटी ऑनलाइन झाल्यावर मीही पर्थहून दादाकडेच राहायला आले. तेव्हापासून मामा आणि मी असे दोन अडकलेले जीव ऑस्ट्रेलियातल्या या सोन्याच्या खाणीच्या गावात सकाळी लाल धूळ झटकत फिरायला जातो. या सत्रात माझ्या निबंधाचा विषय होता: हिप्पींच्या काळापासून पंकपर्यंत निषेधाचं संगीत कसं बदललं. मी ते मामाला चालता चालता समजावलं. म्हटलं, साठच्या दशकात युद्धाविरुद्ध तरुण पोरं केस वाढवून, फुलं माळून एकत्र बसायची आणि लांबलचक, गोड गाणी म्हणायची. पुरेशा लोकांनी पुरेशा वेळा गायलं, तर समोरचा बंदूक खाली ठेवेल, असा त्यांचा विश्वास होता. मामा म्हणाला, “म्हणजे आमचं गुरुवारचं भजन. फक्त आम्ही बंदूकवाल्याला बोलावत नाही.” मग त्याने विचारलं, “ठेवली का त्याने खाली?” मी म्हटलं, वेळ लागला. मामा म्हणाला, “मलाही वेळच आहे.”

दुसऱ्या दिवशी मामा अंगणात सतरंजी टाकून बसला. कानामागे बोगनवेलीचं फूल, समोर चिन्मयीचा छोटा कीबोर्ड, आणि सांगलीची आठवण या विषयावर स्वतः रचलेली अठरा कडवी. (कृष्णेच्या घाटावर दोन, हळदीवर तीन, तुझ्यावर एक. तुझं कडवं फार संथ आहे.) माझं म्हणणं होतं की दादा खाणीवरून परत येईल, ऐकेल, विरघळेल आणि मामाचं परतीचं तिकीट काढेल. तो विरघळलाही. खुर्ची आणून शेजारी बसला. लीनावहिनीने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तूही त्यावर हात जोडलेस. पलीकडच्या गोऱ्या आजी केक घेऊन आल्या. आठवड्याभरात दादा आंघोळ करताना तेच गाणं गुणगुणायला लागला. तेव्हा मला निबंधातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सापडला: ज्याच्याविरुद्ध गाणं आहे तोच ते गुणगुणायला लागला की गाणं संपलं. सत्तरच्या दशकात नेमकं हेच झालं होतं. फुलंवाल्यांचे बंगले झाले, त्यांची गाणी लिफ्टमध्ये वाजायला लागली, आणि नोकरी नसलेली नवी पोरं गॅरेजमध्ये शिरून म्हणाली, गोड बास.

मग मी मामाला पंक शिकवलं. (मामी, रागावू नकोस, शैक्षणिक हेतू होता.) तीन सूर, दीड मिनिट, ओरडून. विनंती नाही, मनधरणी नाही, फक्त ‘नाही’. ब्रिस्बेनमध्ये तेव्हा साध्या मोर्चालाही परवानगी मिळत नव्हती, त्यामुळे तिथली पोरं फार कडक वाजवायची, हेही सांगितलं. मामाला हा प्रकार मनापासून पटला. म्हणाला, “माझ्या वयाला हेच बरं. अठरा कडव्यांत दम लागतो.” त्याने वहिनीचं स्टीलचं ताट आणि डाव घेतला आणि दादाची पर्थच्या साहेबांबरोबर मीटिंग चालू असताना दाराशी उभं राहून सुरू केलं:

चहा नको, केक नको,
पाठवा मला सांगलीला.
टीव्ही नको, एसी नको,
पाठवा मला सांगलीला.

चिन्मयी तिच्या खोलीतून ओरडली, “आजोबा, यू आर ऑफ बीट.” मामा म्हणाला, “तेच तर आहे बाळा.” दादाचा चेहरा पाहून मला वाटलं, आता क्रांती होते. पण स्क्रीनमधले साहेब टाळ्या वाजवत होते. “गुड ऑन या, मेट,” म्हणाले, आणि ख्रिसमसच्या बार्बेक्यू पार्टीला हेच गाणं हवं अशी फर्माईश केली. मामा ताट खाली ठेवून सोफ्यावर बसला. पंकचंही पुढे असंच झालं होतं, त्याचे टीशर्ट निघाले, हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही.

पुढे गणपती आले. इथे आपली मराठी घरं सहा. या सहाही घरांत पूर्ण आरती फक्त मामाला येते, हे उघड गुपित आहे. बाकी सगळे पहिलं कडवं खणखणीत म्हणतात, मग मामाच्या आवाजाच्या आडोशाने ओठ हलवतात आणि शेवटच्या ओळीला पुन्हा जोरात येतात. त्या दिवशी पहिलं कडवं झालं आणि मामा गप्प. टाळ्या चालू, तोंड बंद. मामी, इतकी भीषण शांतता मी ऐकलेली नाही. हॉस्पिटलमधले डॉक्टर अवधूत घाईने पुढे झाले आणि थेट शंकराच्या आरतीत शिरले. दोघे त्यांच्यामागे गेले, बाकीचे गणपतीतच फिरत राहिले. वहिनीने फोनवर शब्द शोधले, तर आधी मसाल्याची जाहिरात लागली. दादाच्या हातातलं निरांजन विझलं.

लोक गेल्यावर दादा म्हणाला, “बाबा, काय हे?”

“गाऊन बघितलं, ओरडून बघितलं. आज न गाऊन बघितलं.”

“तुम्हाला इथे काय कमी आहे?”

“कमी काही नाही रे. तुझी आई माझ्याशी भांडत नाही हल्ली. फोनवर ‘जेवलात का’ विचारते. लग्न झाल्यापासून ‘गिळा आता’ याशिवाय ऐकलं नाही मी. ‘काळजी घ्या’ म्हणते. रवी, ती घाबरलीय. मला जायला पाहिजे.”

तेव्हा दादा बसला आणि खरं सांगितलं, की अडवणारा तो नव्हताच, मामाला पाठवायचं नाही अशी तूच त्याला शपथ घातली होतीस. एप्रिल-मेच्या करोनाच्या लाटेत गल्लीत जे झालं त्यानंतर. निदान एक माणूस तरी तिथे नीट राहू दे, असं तू म्हणाली होतीस. म्हणजे इतके महिने आम्ही चुकीच्या माणसाला गाणी ऐकवत होतो, आणि ज्या माणसाला ऐकवायला हवी होती तिने तर व्हिडिओवर हात जोडले होते.

मामी, तुझं प्रेम मला कळतं. पण मामाचं वजन उतरलंय, आणि ते हिंडण्याने नाही.

तुझी,
मयूरा

ता. क. निबंधात मी मामाचं उदाहरण दिलं होतं. मॅडमनी शेरा मारलाय, ‘उत्तम मुद्दा, स्रोत द्यावा.’ स्रोत आता कालगुर्लीत नाही.

आणखी एक ता. क. शपथ तू दादाला घातली होतीस, मला नाही. तिकीट मी काढलं आणि पर्थपर्यंतच्या त्या दिवसभराच्या रस्त्यावर गाडीही मीच चालवली. आदल्या संध्याकाळी दादाने टायरमध्ये हवा भरून आणली आणि डिकीत पाण्याचे कॅन ठेवले. “मी काही केलेलं नाही, फक्त हवा भरली,” असं आईला लिही म्हणाला. लिहिलं.

शेवटचं ता. क. मामा खाली फाटकापाशी बॅगेवर बसलाय; पत्र त्यानेच नीलाताईंच्या हातून वर पाठवलंय. टेस्ट निगेटिव्ह आहे, कागद वरच्या खिशात. तू पत्र वाचून होईपर्यंत वर यायचं नाही, असं मी विमानतळावर त्याच्याकडून कबूल करून घेतलंय, त्यामुळे पत्र इतकं लांबलं याबद्दल त्याची माफी मागते. वहिनीचं ताट आणि डाव त्याच्याजवळ आहे. दीड मिनिट त्याला म्हणू दे, आणि मग एवढा वेळ उन्हात का बसलात म्हणून कडकडून भांड.