अ‍ॅडजस्ट

३ मार्च
चष्मा फुटला. म्हणजे, नवऱ्यानं फोडला. माझ्या तोंडावरच! फोनवर मैत्रिणीशी हसत होते, एवढंच निमित्त. काच भुवईत घुसली, डोळा रक्तानं भरला. सासूबाईंनी ओला टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "त्याचा स्वभावच तसा. तू जरा अ‍ॅडजस्ट कर गं."

४ मार्च
कामावर, चष्म्याच्या दुकानात, मालकांनी भुवईवरचे टाके बघितले. "पडलीस?" — "हो." त्यांनी गुपचूप नवी फ्रेम काढून दिली.
दिवसभर गिऱ्हाइकांच्या कानामागे बोटं घालून विचारत होते, "टोचतंय का? अ‍ॅडजस्ट करून देते." दुकानात ज्याला टोचतं त्याच्यासाठी फ्रेम वाकवतात. घरी जिला टोचतं तिलाच!

५ मार्च
आईला फोन केला. "अगं, तुझ्या बाबांशी मी नाही का अ‍ॅडजस्ट केलं?" फोन ठेवला.
बसमध्ये एक बाई लेकराला घेऊन आली. "ताई, थोडं अ‍ॅडजस्ट करता?" सरकले. आणि घळाघळा रडूच आलं. ती बिचारी घाबरली!

११ मार्च
उजवा हात दारात चेंगरला. दार त्यानं लोटलं — माझा हात दिसत असताना.

१४ मार्च
अजून डाव्या हातानंच लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
काल त्यानं गळा धरला. ओट्याला दाबून. डोळ्यांपुढे अंधारी. संपलं, वाटलं. तेवढ्यात धाडकन आवाज, आणि त्याची बोटं सुटली. सासूबाईंच्या हातात कुकर! पोटच्या पोराच्या डोक्यात घातला. तो खाली, डोकं धरून शिव्या घालतोय, आणि ह्या मला ओढत जिन्यावरून खाली. पायात चप्पल नाही.
"ह्याच्या बापाचा मार मी गुमान खाल्ला," धापा टाकत म्हणाल्या. "हा तेच बघत मोठा झाला."
चौकीत हवालदार म्हणाला, "घरातलं भांडण. आपसात अ‍ॅडजस्ट करून टाका ना, आजी."
सासूबाईंनी माझी ओढणी बाजूला केली. गळ्यावरचे वळ त्याला दाखवले. टेबलावर हात आपटला. "लिही! मी त्याची आई सांगतेय, लिही!"
पोलिसांनी नवऱ्याला उचललं. डोक्याला पट्टी बांधूनच.

१६ मार्च
घरात आम्ही दोघीच. सासूबाईंनी मला भरवलं. नंतर भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ रडल्या. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

१९ मार्च
तो सुटला. जामीन राहिली माझी आई.