बेचाळीस बाटल्यांची लेबलं

सोमवार, ३ जुलै. सकाळी सात.
नवी नोकरी. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. पंधरा दिवस चाचणी, मग पक्की. याआधीच्या सहा नोकऱ्या मी सोडल्या. त्यातल्या चार त्यांनी सोडवल्या, पण तो तपशील झाला. भाऊजी याच शाळेत क्लार्क, त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. ताई म्हणाली, या वेळी तरी त्यांना मान खाली घालायला लावू नकोस. मी म्हटलं, तू बघच. ती म्हणाली, सहा वेळा बघितलं.

संध्याकाळी.
काम अगदीच फुटकळ. कपाटात क्षारांच्या बेचाळीस बाटल्या, लेबलं पिवळी पडलेली. नव्या लेबलांवर नाव आणि सूत्र लिहून चिकटवायचं. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, एक बाटली घ्यायची, ती पूर्ण करायची, मगच दुसरीला हात लावायचा. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मास्तरकीची सवय.

मंगळवार, ४ जुलै.
संकल्प: नुसती नक्कल करायची नाही. समजून लिहायचं. रोज वीस मूलद्रव्यं पाठ.
आज दोन झाली. तिसऱ्याला खिडकीतून समोरच्या बांधकामावरची क्रेन दिसली. दीड तास. हेही करिअर वाईट नाही.

बुधवार, ५ जुलै.
भाचीकडे शिकवणी लावली. नववीत आहे, याच शाळेत. तिने संयुजा समजावली. सोडियमला एक हात, कॅल्शियमला दोन, क्लोरीनला एक. आकड्यांची तिरपी अदलाबदल करायची की CaCl₂ तयार. सोपं आहे. मी लगेच मॅग्नेशियम ऑक्साइड लिहिलं: Mg₂O₂. ती म्हणाली, दोन्हीकडे सारखे आकडे असले की छेद द्यायचा, नुसतं MgO. मी म्हटलं, दोघं आपापले दोन घेऊन आलेत, आपण कशाला उडवायचे? तिने विचारलं, मामा, तू दहावी नक्की पास आहेस ना? मी विषय बदलला.

गुरुवार, ६ जुलै. सकाळी.
अजून एकही बाटली झाली नाही. पाया पक्का करत होतो.
बाईंच्या पद्धतीत नियोजन नाही. खरा वेळ जातो जुनं लेबल खरवडण्यात. म्हणून सगळ्या बाटल्या झाकणं घट्ट करून एकदम टबात भिजत घातल्या.

दुपारी.
लेबलं अलगद सुटली. बाटल्या आरशासारख्या लखलखीत. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?

चार वाजता.
का सुचलं नाही ते कळलं.

शुक्रवार, ७ जुलै.
निळी बाटली ओळखली. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, CuSO₄. राहिल्या एकेचाळीस. सगळ्या पांढऱ्या. रंगांच्या बाबतीत निसर्ग एवढा चिक्कू असेल असं वाटलं नव्हतं.
टबातली लेबलं वाळवली. वाचताही येतात. प्रश्न एवढाच, कुठलं कुठे. बाई रजेवर, थेट सोमवारी येणार. नशीब माझ्या बाजूने आहे.

शनिवार, ८ जुलै.
काम फत्ते. जड लागली ती बेरियम. ढेकळं झालेली ती कॅल्शियम. तेरा बाटल्यांना सोडियम दिलं, कारण सोडियम सगळीकडे असतं असं ऐकून आहे. अक्षर मोत्यासारखं. दुरून कपाट फारच अभ्यासू दिसतं.

रविवार, ९ जुलै.
भाची वही घेऊन बसली होती. उद्या तिच्या वर्गाचं प्रॅक्टिकल, क्षार तापवायचा. मी सहज विचारलं, समजा चुकून भलताच घेतला तर? ती मान वर न करता म्हणाली, काही विषारी असतात, काही तडतडून अंगावर उडतात.
"पण लेबल असतं ना, मामा."
जेवण गेलं नाही. ताईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

सोमवार, १० जुलै.
बाईंच्या आधी दारात हजर. सगळं सांगितलं. नैतिक धैर्य म्हणतात ते हेच. सांगताना दार उघडंच ठेवलं होतं, तो भाग वेगळा.
बाई एकेक बाटली उचलून बघत गेल्या. मग म्हणाल्या, "तेरा सोडियम कसे काय?" मी म्हटलं, साधारण. त्या म्हणाल्या, "सांगायला आलास म्हणून उभा तरी आहेस."
भाऊजींना बोलावलं. ते चष्मा काढून पुसत राहिले. चार शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं.
दिवसभर एकेचाळीस नवी लेबलं लिहिली. सगळ्यांवर एकच शब्द: अज्ञात. सूत्र नाही. अक्षर चांगलं आहे, असं बाई म्हणाल्या.

मंगळवार, ११ जुलै.
धोक्याच्या पाच बाटल्या बाईंनी स्वतः तपासून कुलपात टाकल्या. उरल्या छत्तीस. त्या ओळखणं हाच आता नववीचा प्रयोग. परीक्षानळ्या धुवायला मी. शेवटची बाटली ओळखली की माझी सुट्टी.
आठवड्याला तीन बाटल्या धरल्या तर बारा आठवडे! एवढी लांब नोकरी माझी आजवर टिकलेली नाही. तोवर बाईंचं मन जिंकणार. भाऊजींचंही.

शुक्रवार, १४ जुलै.
पहिलं प्रॅक्टिकल. नऊ बाटल्या ओळखल्या. त्यातल्या चार एकट्या भाचीने, सूत्रांसकट, छेद देऊन. बाई इतक्या खूश की आता रोज तास ठेवलाय.
घरी ताईने तिचं कौतुक केलं. मीही केलं. मग म्हटलं, एवढा अभ्यास बरा नव्हे, थोडं खेळायलाही जावं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.
"मामा, तू नको टेन्शन घेऊस. पुढच्या शुक्रवारपर्यंत मी सगळ्या संपवते."
समोरची क्रेन अजून आहे. उद्या जाऊन विचारतो.