लिंबमाळची ग्रामपंचायत

थावरातांडा, ता. सेनगाव
१९ जानेवारी २०२५

चि. रीता हीस,
देविदास काकाचे अनेक आशीर्वाद. जय सेवालाल.

कानातलं मशीन नुसतं शिट्ट्या मारून राहिलं. तुझे फोन काकूच घेते अन् मला निम्मंच सांगते. तवा आपलं कागदावरच बोलणं बरं. एसटीत कंडक्टर म्हणून जन्मभर गोंगाट ऐकला, आता कान म्हणतात बस झालं.

खबर मोठी हाये. आपला तांडा, नाल्यापल्याडचा खेमातांडा अन् वरची वाडी, तिघं मिळून मोठ्या गावापासून वेगळं व्हायचं म्हणून राहिलोत. आपली स्वतःची ग्रामपंचायत. एकटी वस्ती नियमात बसत न्हाई, तिन्ही मिळून बसतात. घरपट्टी आमच्याकडून बराबर घेतात, पण रस्ता अन् दिवे त्यांच्या चावडीपाशीच संपतात. किती पिढ्या बघायचं?

अडून बसलेत वाडीचे व्यंकटराव. त्यांचं म्हणणं, दोन्ही तांडे तुमचे, मतं तुमची जास्ती. मोठ्या गावाच्या हाताखालून निघून तुमच्या हाताखाली काहून यावं? तुझ्या काकूला लई राग आला. मला न्हाई आला. त्यांच्या जागी असतो तर मीबी हेच म्हणलो असतो. तिकडं खेमातांड्याचा लखमा नायक म्हणतो, ऑफिस माझ्याच दारात पाहिजे.

तू शाळेत इतिहास शिकवतीस. वेगवेगळं राहणारे लोक कुठंतरी एक झालेच असतील. कसे झाले ते लिही. सोपं लिही, माळावरच्या लिंबाखाली सगळ्यांना वाचून दाखवायचंय.

पोरी, तब्येत जप. काकाचा जीव तुझ्यापाशी हाये.
तुझा,
देविदास काका


नाशिक
२७ जानेवारी २०२५

तीर्थरूप काकांस,
रीताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वर्गात मुलींना वाचून दाखवलं. सगळ्या तुमच्या बाजूच्या आहेत. जागेवरून भांडणारे प्रवासी एका बाकावर बसवणारा माणूस व्यंकटकाकांपुढे हरला, हे मात्र मला पटलं नाही.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगते. तिथं आधी एक देश नव्हताच, इंग्रजांच्या सहा वसाहती होत्या. एकीतून दुसरीत माल न्यायचा तर मध्ये जकात. रुळांची रुंदीसुद्धा वेगळी, त्यामुळे हद्दीवर सगळ्या प्रवाशांनी सामान उचलून दुसऱ्या गाडीत चढायचं. तरी कुणी आपले रूळ बदलेना.

एक व्हायची बोलणी कित्येक वर्षं चालली. लहान वसाहतींना व्यंकटकाकांसारखीच भीती होती की मोठ्या आपल्याला गिळतील. मग ठरलं, एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, पण दुसऱ्या सभागृहात सगळ्यांना सारख्या. सगळ्यात लहान टास्मानियालाही तेवढ्याच, जेवढ्या सगळ्यात मोठ्या वसाहतीला. एका वसाहतीत पहिल्या मतदानाला पुरेशी मतंच पडली नाहीत. तरी हार मानून कुणी गप्प बसलं नाही, अटी बदलून पुन्हा मत घेतलं. राजधानीवरून सिडनी आणि मेलबर्न हटून बसली, तर दोघींनाही दिली नाही. पुढे मोकळ्या माळावर नवं शहर वसवलं. १९०१च्या पहिल्या दिवशी सहांचा एक देश झाला.

तेव्हा व्यंकटकाकांची भीती खोटी आहे असं सांगू नका. ती खरी आहे असं धरून वाट काढा.

काकूला नमस्कार. तुमची माया आहे तोवर मला इथं परकं वाटत नाही.
आपली,
रीता


थावरातांडा
२ मार्च २०२५

चि. रीतास,
आशीर्वाद.

तुझं पत्र हरीशनं, म्हणजे व्यंकटरावांच्या पोरानं, मोठ्यानं वाचलं. सामान घेऊन गाडी बदलायचं ऐकून सगळे हसले. लखमा म्हणाला, हे तर आपलंच झालं, सेनगावला जायला दोन जिपा. मग हसणं थांबलं अन् बोलणी सुरू झाली.

ठरलं ते असं. ऑफिस कुणाच्याच दारात न्हाई, मधल्या माळावर लिंबाखाली. नावबी कुणाचं न्हाई, लिंबमाळ. सरपंच ज्या वस्तीचा, उपसरपंच तिथला न्हाई. अन् तिन्ही वस्त्यांची दोन-दोन माणसं आधी बसून एकमत करतील, मगच ठराव. कायद्यात असं न्हाई, ग्रामसेवकानं तसं सांगितलंबी. आमी म्हणलं, कायद्यात नसलं तरी आमच्या जबानीत हाये. व्यंकटरावांनी एकेक अट बोटावर मोजली. शेवटी म्हणाले, जबान मोडली तर मी पुन्हा मोठ्या गावात जाईन. मी म्हणलं, तवा मीच तुमच्यासंगं येईन.

ही खबर मोठ्या गावच्या विश्वंभररावांना लागली. पंचवीस वर्षं ग्रामपंचायत त्यांच्या घरात हाये. दुसऱ्या दिवशी दोन्ही तांड्यांचा नळ बंद. वाडीचा मात्र चालू, अन् रोजच्यापेक्षा जोरात! वर वाडीला निरोप, यातून अंग काढा, नळ कायम चालू राहील.

आमच्या बायका विहिरीचा गाळ उपसून पाणी भरून राहिल्या. तिसऱ्या सकाळी वाडीतून सखुबाई आल्या, व्यंकटरावांच्या मंडळी. संगं वाडीच्या झाडून साऱ्या बायका, डोक्यावर भरलेल्या घागरी. तुझ्या काकूच्या दारात घागर उतरवली अन् म्हणाल्या, रूपाबाई, आमच्या नळाला आजपासून आधी तांड्याचा नंबर. काकू रडली. मग दोघी मिळून साऱ्या बायकांना घेऊन मोठ्या गावच्या चावडीवर गेल्या अन् रिकाम्या घागरी मांडून रस्त्यातच बसल्या. विश्वंभरराव म्हणाले, वाडीचा नळ तर चालू हाये, तुमी काहून बसल्या? सखुबाई म्हणाल्या, तिन्ही वस्त्यांचा चालू करा, न्हाईतर आमचाबी बंद करा.

संध्याकाळच्या आत पाणी आलं. ग्रामसभेत वेगळं व्हायचा ठरावबी झाला. हात इतके वर झाले की त्यांना मोजायची हिंमत न्हाई झाली. आता हिंगोलीत जिल्ह्याच्या साहेबांपुढं सुनावणी.

घास खाताना तुझी आठवण येते. येत जा.
देविदास काका


नाशिक
९ मार्च २०२५

तीर्थरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

काकूला आणि सखुकाकूंना माझ्याकडून एकेक लुगडं. पत्र तीनदा वाचलं आणि शिक्षकांच्या खोलीत एकटीच हसत बसले.

पण काका, एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही, ती टोचते आहे. ऑस्ट्रेलियाचे सहा भाऊ एक झाले तेव्हा त्या जमिनीवर हजारो वर्षं राहणाऱ्या मूळ लोकांना त्यांनी जनगणनेच्या आकड्यात धरायचंसुद्धा नाही असं लिहून ठेवलं. तो शब्द खोडायला पुढची साठ-पासष्ट वर्षं गेली.

नाल्याकाठी गायरानावर भिवाजी आणि त्यांच्या भावकीची पालं आहेत. मी लहान होते तेव्हापासून आहेत. तुमच्या पत्रांत तीन वस्त्या आहेत, ती पालं कुठंच नाहीत. नव्या ग्रामपंचायतीच्या नकाशात आहेत का?

रागावलात तरी आशीर्वाद कमी करू नका.
आपली,
रीता


लिंबमाळ
१२ ऑक्टोबर २०२५

चि. रीतास,
अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता बघितलास का?

एवढे दिवस लिहिलं न्हाई, कारण रागावलो होतो. म्हणलं, आमचंच अजून ठिकाण न्हाई अन् हिला पालांची पडली. पत्र खिशात घालून हिंडलो. मग एक दिवस हरीशला घेऊन नाल्याकाठी गेलो. भिवाजी म्हणाला, मोठं गाव म्हणतं तुमी तांड्याचे, तांडा म्हणतो तुमी गायरानाचे, आमी कुणाचे ते तुमीच ठरवून सांगा. खाली मान घालून ऐकलं. हरीशनं खटपट करून त्यांची नावं मतदार यादीत घातली. नकाशाची रेघ पालांच्या पल्याडून काढली.

विश्वंभररावांनी आमच्या वेगळं होण्यावर हरकत घेतली होती, अन् हिंगोलीच्या सुनावणीत त्यांनी डाव टाकला. साहेबांसमोर म्हणाले, गायरानातली पालं वगळा, आमची हरकत आत्ता मागं घेतो. हरीशनं मला कागदावर लिहून दाखवलं. पोरी, खरं सांगतो, माझ्या मनात आलं, हो म्हणावं. हातातोंडाशी आलेला घास! लखमा माझ्याकडं बघून राहिला, मी लखमाकडं.

उठले ते व्यंकटराव. म्हणाले, साहेब, आमी सगळ्यांत थोडे होतो तवा मलाबी भ्याव होतं. यांनी मला गिळलं न्हाई. आज मी भिवाजीला कापून दिलं, तर उद्या हेच विश्वंभरराव वाडीला कापायला मागतील. पालांसंगं द्या, न्हाईतर देऊच नका. आमी पुन्हा येऊ, अन् पुन्हा येऊ.

पावसाळाभर वाट बघायला लावली. मागच्या महिन्यात हुकूम आला. पालांसंगं.

निवडणूक व्हायचीय, तोवर प्रशासक हाये. पण पहिली ग्रामसभा परवा लिंबाखाली झाली. भिवाजी कडेला उभा होता, सखुबाईनं त्याला हाताला धरून मधी बसवलं. मी मोठ्या हौसेनं ठराव मांडला, रस्त्यावर लिंबमाळ नावाची कमान उभी करावी. माझ्या मनात तिचा रंगबी ठरला होता. कोण विरोधात, म्हणून विचारलं, तर पहिला हात भिवाजीचा. जन्मात पहिल्यांदा ग्रामसभेत हात वर केला, अन् तो माझ्या विरोधात! म्हणाला, कमानीतून निघून नाल्यातच जायचं तर कमान कशाला, आधी पूल बांधा. त्याच्यामागं तुझ्या काकूनंबी हात वर केला.

मी हरलो. असं हरायला मिळावं म्हणूनच एवढं लढलो होतो. दिवाळीला ये, नाला ओलांडून यावं लागंल, चपला हातात घे.

तुझ्यावर जीव टाकणारा,
देविदास काका