विरोधकांच्या रांगेतून

प्रिय ट्वायला,

ट्रक विधानभवनामागं लावून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय. अक्षराला हसू नकोस. मी आत्ता वायोमिंगला कुंपणाच्या कामावर असायला हवा होतो. निघालोही होतो. वाटेत रेडिओवर ऐकलं, तुझ्या त्या विम्याच्या होऊ घातलेल्या कायद्यावर आज सुनावणी आहे, आणि गाडी वळवली. तुझी ताकीद आठवत होती : "ड्युई, तिथं तोंड उघडलंस तर माझ्या खोक्यांना हात लावू देणार नाही." म्हणजे खोकी भरलीच आहेस तू. सोमवारी शहरातल्या इस्पितळाला होकार कळवणार, आणि आपल्या गावच्या दवाखान्याला पुन्हा कुलूप.

तुझं तरी काय चुकलं म्हणा. राज्याचा परवाना भिंतीवर टांगलेला, पण अर्ध्या गावाचा विमा ज्या कंपनीकडे, ती पाच महिने तुझी पदवी तपासतेच आहे. तिच्या यादीत नाव येईस्तोवर तू तपासलेल्या माणसाचे पैसे ती देणार नाही. म्हणून गाव तुला दवाखान्यात नाही, पशुखाद्याच्या दुकानात गाठतं. ऑरिननं तिथंच पोत्यावर बसून बूट काढून चिघळलेला पाय दाखवला होता ना? "डॉक, जनावर बघतेयस असं समज आणि एक नजर टाक." तू ओरडलीस, "आजच्या आज शहरात जा!" तो म्हणाला, "मका काढून झाला की." परवा भेटला. "पायाची दोन बोटं गेली, पण बूट लेकाचा तेवढ्यालाच मिळतो," म्हणाला आणि हसला. मला हसता येईना.

तर सुनावणी. घुमटावर एक ससाणा कबुतरामागं लागला होता, तो बघत पायऱ्यांवर रेंगाळलो आणि आत पोचेतो कायद्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांची पाळी संपलेली. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. कुणीही उठून बोलावं, पण आधी बाजूचे, मग विरोधक. विरोधकांत कंपनीचा माणूस होता, सुरेख शिवलेल्या कोटातला. "घाईनं तपासलं तर भोंदू डॉक्टर घुसतील," म्हणाला. अगदीच खोटं नाही ते. पण साठ दिवसांत हो की नाही सांगा, एवढंच तर कायदा म्हणतो. ही घाई? समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "आणखी कुणी विरोधात?" बाजूची पाळी तर हुकलीच होती, म्हणून मी उठलो.

"बाळा, तू नक्की विरोधातच आहेस ना?"

"हो बाई. कायदा साठ दिवस देतोय. ऑरिनच्या पायाकडं आठच दिवस होते."

हशा पिकला आणि मधेच विरला. मी पोतं, बूट, मका, सगळं सांगितलं. कोटवाला मान वळवून माझ्याकडंच बघत होता. मग एक म्हातारा आमदार पुढं वाकला. "डॉक्टरचं नाव?"

तू का गप्प आहेस ते मला कळतं. नाव उघड झालं की कंपनीत तुझी फाइल ढिगाच्या तळाशी जाईल. मी म्हणालो, "नाव तिचं आहे, तिनं सांगायचं."

"बिननावाची डॉक्टर म्हणजे गावगप्पा," तो म्हणाला आणि पेन खाली ठेवलं.

फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला तोडतेस, म्हणून हे पत्र. ऑरिनची भाची आज गावी चाललीय, तिच्या हाती देतोय. शुक्रवार दुपारपर्यंत ते लेखी म्हणणं घेणार आहेत. तू लिही, नाहीतर मला नुसतं 'हो' कळव, नाव मी देतो. फाइल तळाशी गेली तर गेली, ती आत्ता कुठं वर आहे? आणि नाही म्हणालीस, तर शनिवारी ट्रक घेऊन येतो, सगळी खोकी मी चढवीन, एक शब्द बोलणार नाही. फक्त गावाबाहेर पडताना दुकानावरून नको, लांबच्या रस्त्यानं जाऊ. पशुखाद्याच्या दुकानात तुझी वाट बघत कुणीतरी पोत्यावर बसलेलं असेल.

तुझाच, एका दुपारपुरता विरोधक,
ड्युई