दादाच्या गिटारला पातळ तारा

दादा,

तू उठशील तोवर मी कामावर गेलेली असेन. तुझ्या गिटारच्या तारा बदलल्यात. लगेच ओरडू नकोस, आधी पूर्ण वाच.

काल दुपारी तू दार लोटून वाजवत होतास. एकेक सूर दाबताना तुझी चाललेली ओढाताण स्वयंपाकघरात ऐकू येत होती. बोटांत जोर कधी येईल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मग मी काय करणार? दुकानात जाऊन पातळ तारा आणल्या. त्या दाबायला हलक्या असतात.

पण तारांचा ताण कमी झाला तशी गिटारची मान मागे वाकली आणि सगळ्या तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना लागून खरखरायला लागल्या. दुकानदार फोनवर म्हणाला, "मानेच्या आतली सळई पाव फेरा सैल करा आणि लाकडाला जरा वेळ द्या." तिची मान सरळ करता करता माझी आखडली. खरखर थोडी कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. सळईला तू हात लावू नकोस, मी आल्यावर बघते.

गोळी जेवल्यावरच घे.

आणि या ताराही दाबता आल्या नाहीत, तर आईला सांगतोस तसं "बरं आहे" मला सांगू नकोस. यापेक्षा पातळ तारा मिळत नाहीत, दोनदा विचारून आले. पुढे काय करायचं ते मला खरंच सुचत नाही.

छोटी