अण्णांच्या खुर्चीची डावी बाजू

१२ जानेवारी, रविवार

बल्ब बनवणाऱ्या समस्त मंडळींवर एक खरमरीत अग्रलेख लिहायला हवा! खोक्यावर नऊ वॅट, प्रत्यक्षात काजवा. महिन्यातला हा तिसरा बदलला. दुकानदार म्हणतो, "साहेब, आख्खं मेहकर याच बल्बात वाचून राह्यलं." वाचो बापडं. मेहकर काय वाचतं ते तालुका वार्ताहराला सांगू नये — वाढदिवसाच्या जाहिराती वाचतं, त्या ठळक टाइपात असतात.

अर्पिताचा पुण्याहून फोन. अण्णांच्या जुन्या खुर्चीचा फोटो मी सहज पाठवला होता. कन्येनं तो ऑफिसात दाखवला, तर म्हणे चार आर्किटेक्ट खुर्च्या सोडून उभे राहिले. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कुण्या थोर डिझायनरचा नमुना! सागवान, कंपाससारखे फाकलेले पाय, मुळात वेताची बैठक. "बाबा, तिला हात लावू नका हं!" आता काय सांगू? वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती धरणावरच्या विश्रामगृहाच्या लिलावातून आणली. अण्णा गेल्यावर आईनं तिला चॉकलेटी ऑइलपेंट फासला. वेत फाटला तेव्हा मी नायलॉनची पट्टी ठोकली. दोन पिढ्यांचे हात लावून झालेत.

ठरलं — रंग काढायचा, पट्टी काढायची, पुन्हा वेत विणून घ्यायचा. अर्पितासाठी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अंगणात बसून पॉलिश पेपरनं रंग खरवडला. अनुपमा म्हणाली, "हात धुवा आधी, तिळगूळ चॉकलेटी झाला." खाल्ला तसाच. रंगाचं पुट गूळ लपवत नाही.

मागच्या पट्टीवर कोरलेला सरकारी आकडा निघाला. मी म्हटलं आठ. ती म्हणाली तीन. बोट फिरवून पाहिलं. तीनच.

"चिठ्ठी दिली होती ना तुम्हाले शिबिरात? कुठे ठेवली?"

नेत्रशिबिराची बातमी करायला गेलो होतो मागे, तर तिथल्या डॉक्टरनं बातमीदारालाच खुर्चीत बसवलं. चिठ्ठी संस्कृत कोशात आहे. खुर्ची झाली की बघू, म्हटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

खुर्चीच्या उजव्या हातावर रंगाखाली गुळगुळीत खळगा लागला. अण्णांच्या अंगठ्याचा. शेवटची नऊ वर्षं ते या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसले. दिसत नव्हतं, तरी तोंड खिडकीकडेच.

त्याआधी दोन वर्षं रोज संध्याकाळी एकच हुकूम — "बल्ब पुसा रे!" मी स्टुलावर चढायचो, पुसायचो. बल्ब लखलखीत! अण्णा समोर पोथी उघडून वाचायचे, बरोबर वेळेला पान उलटायचे. सबंध पोथी पाठ होती त्यांना, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागला नाही. पाठांतराचे असे फायदे आहेत. मलाही बरंच पाठ आहे.

विषय बदलू.

२० जानेवारी, सोमवार

विणणारा सापडला. सुलतानपूरचे निवृत्तीभाऊ. लहानपणी देवी आल्या त्यात दोन्ही डोळे गेले. अंधशाळेत वेत विणायला शिकले. एके काळी इथल्या सगळ्या कचेऱ्यांच्या खुर्च्या त्यांच्या हातच्या. मग प्लास्टिक आलं.

एकटेच एसटीनं आले. खुर्चीवरून तळवा फिरवला आणि हसले. "अण्णागुरुजीची ना हे? मीच विनेल हाय एकदा. लयी नाटकी पाय हायेत हिचे."

थोर डिझायनरची याहून नेमकी समीक्षा पुण्यात झाली नसेल.

मला काम दिलं आहे. चौकटीच्या भोकांत जुन्या वेताचे तुकडे अडकले आहेत, ते खिळ्यानं ठोकून काढायचे. "एक बी भोक सोडू नका, रामभाऊ. एक बुजेल राह्यलं तं सारी जाळी वाकडी जाते."

२३ जानेवारी, गुरुवार

भोकं साफ केली. सगळी.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, सत्कार, भाषणं. मंचावर सोळा जण. बातमी चार वाजता पाठवली.

२८ जानेवारी, मंगळवार

छापून आली आणि अर्जुनराव दारात उभा! वर्गमित्र, आता बाजार समितीचा संचालक. घरात न येताच सुरू —

"काऊन बे राम्या, मी हवा होतो का? पंधरा नावं छापली तुनं, माहं नाई! तुह्या डाव्या हाताले पयलाच बसेल होतो. केशरी फेटा बांधून! फेटा बी नाई दिसला तुले?"

प्रूफाची चूक, म्हटलं. चहा पाजला. गेला, पण फाटकातून पुन्हा वळून म्हणाला, "चष्मा बदल बे."

मग मोबाईलमधला फोटो उघडून पाहिला. मीच काढलेला. सोळा जणांत अर्जुनराव निम्माच — एक खांदा आणि अर्धा फेटा. डाव्या कडेला.

चूक प्रूफाची नाही.

२९ जानेवारी, बुधवार

आज सायकल नेली नाही. पाय मोकळे करायचे, असं अनुपमाला सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार

निवृत्तीभाऊ विणायला बसले. वेत कालपासून बादलीत भिजत होता. "भोकं साफ?" "सगळी." त्यांनी चौकटीवर बोट चालवलं. पुढची पट्टी, उजवी, मागची. डावीवर बोट थांबलं.

"रामभाऊ, हे तीन भोकं बुजेलच हायेत."

वाकून पाहिलं. नव्हती तिथे भोकं! मान पुरती वळवली, तेव्हा दिसली — तीन, ओळीनं. खिळा आणायला म्हणून उठलो तो बादलीवरच धडकलो. पाणी, वेताची भेंडोळी, सगळं अंगणभर! निवृत्तीभाऊ आधी खो खो हसले. मग हसू थांबलं.

"बादली कोन्या अंगाले होती?"

"डाव्या."

"हूं." मी खिळ्यानं ती तीन भोकं मोकळी केली, ते विणू लागले. ओला वेत भोकातून सरकताना बारीक कुईं करतो. मग खालच्या आवाजात — "डोये दाखवले का कोनाले?"

"नाही हो. हल्ली बल्बच मंद येतात."

असं मी म्हणालो! सकाळी अकरा वाजता, भर उन्हात, अंगणात!

ते हसले नाहीत. म्हणाले, "अण्णागुरुजी बी बल्बालेच दोष द्यायचे. मी पयल्या खेपेले आलो, तवा घरात कोनी नोतं. मले हळूच इचारलं — निवृत्ती, दिसत नाई तं मानूस दिवसभर काय करते रे? म्या म्हनलं, मी तं वेत विनतो गुरुजी, तुमी काय करसान?"

"मग?"

"मंग काई नाई. मह्यासाठी पानी आनाले उठले, अन् दाराच्या चौकटीवर आपटले. म्हने, घरी सांगू नको. म्या नाई सांगितलं." वेत दातात धरून त्यांनी ओढला. "सांगाले पाह्यजे होतं."

जेवायला थांबले नाहीत. अनुपमा आतून ऐकत होती की नाही, कळलं नाही. मीही विचारलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

खुर्ची झाली. वेत वाळून ताठ बसला आहे. टिचकी मारली की वाजतो. अर्पिताला फोटो पाठवला नाही.

बल्बात काही दोष नव्हता.

कोशातली चिठ्ठी अनुपमाच्या हातात दिली. तिनं मोठ्यानं वाचली. काचबिंदू. 'वडिलांना होता का' या रकान्यापुढे — होय. पंधरा दिवसांत दाखवा, गेलेली नजर परत येत नाही. तारीख गेल्या वर्षीच्या मार्चची. मी ती तेव्हाच वाचली होती. तेव्हा बारीक अक्षर नीट दिसत होतं. या वहीलाही सांगितलं नाही. खुर्ची अर्पितासाठी नव्हतीच. खिडकीशी ती जागा मी माझ्यासाठी करून ठेवत होतो.

उद्या सकाळच्या गाडीनं बुलढाण्याला जातो आहे. अनुपमा सोबत येते. भांडली नाही, डबा भरते आहे. अकरा महिन्यांत डावीकडचं किती गेलं असेल, याची मला फार भीती वाटते.