आपल्या बंधुराजांच्या कारखान्यातून मी कसा निसटलो

ती. आत्याबाईंना जावयाचा वाकून नमस्कार. आपले गुडघे काय म्हणतात? जिना कठड्याला धरून उतरत जा. आम्ही खुशाल आहोत. खुशाल कसले, मी तर हवेत आहे! नोकरी बदलली! आपल्या बंधुराजांच्या, म्हणजे माझ्या सासरेबुवांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून घाईघाईनं लिहितोय. (ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला आले की मीठसुद्धा लेकीमार्फत मागतात.)

तुम्हाला ठाऊकच आहे, आमचा कारखाना खुर्च्यांचा, पण खुर्चीवर बसायची बंदी. गादीचा आकार जातो म्हणे! पंधरा वर्षं आम्ही सगळे लाकडी खोक्यांवर बसून गाद्या शिवल्या. मग पलीकडच्या रस्त्यावर फर्निचरची मोठी कंपनी आली आणि आधी पॉलिशवाला गेला, मागोमाग सुतार, मग शिवणारे दोघे. सासरेबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. 'ए'चं एकदम 'अहो' झालं, चहा दोनदा येऊ लागला, आमच्या आयांच्या तब्येतीची चौकशी सुरू झाली. शेवटी तर खुर्च्यांवर बसायची परवानगीसुद्धा मिळाली! (आम्ही उरलेले चौघे पाहुण्यांसारखे अवघडून बसलो. त्यातले तिघे पुढच्या आठवड्यात गेलेच.) तेव्हा गेलेल्यांना गोडीगुलाबीनं परत आणायला त्यांनी मला कंपनीच्या फाटकावर पाठवलं.

मी फाटकाशी पोचतो न पोचतो तोच रखवालदारानं हातात नंबर कोंबून मला उमेदवारांच्या रांगेत उभं केलं. मी मुळात भिडस्त, त्यात रांग सावलीत होती. नंबर लागला. आत तीन साहेब. म्हणाले, बसा. आता आत्याबाई, पंधरा वर्षांची सवय! मी बसायच्या आधी खुर्ची उलटी केली आणि खालची शिवण पाहिली. टाके विरळ, पट्टे सैल. तसं सांगून टाकलं. तिघेही उठले आणि त्यांनी आपापल्या खुर्च्या उलट्या केल्या! दहा मिनिटांत अख्ख्या ऑफिसातल्या खुर्च्या पाय वर करून पडल्या होत्या आणि मी तपासनीस झालो होतो! आपण माणसं न्यायला आलोय, हे सांगायचं राहून गेलं. (खरं म्हणजे आठवलं होतं. गिळलं.)

संध्याकाळी सासरेबुवांनी एवढंच विचारलं, "कोणी येतंय का परत?" मी म्हटलं, "नाही." मग म्हणाले, "आणि तू?" मी खिशातला रांगेचा नंबर काढून त्यांच्यापुढे ठेवला. एवढा आनंदात असूनही तेवढं मनातून जात नाही.

बाकी ठीक. नव्या कामावर सगळे मला साहेब म्हणतात. दर वेळी मी मागे वळून पाहतो.

आपला,
जावई

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. आज मला अर्जांचा गठ्ठा चाळायला दिला. चौथा अर्ज सासरेबुवांचा. आधीचं काम: मालक. सोडण्याचं कारण: माणसं गेली. ओळखीची व्यक्ती म्हणून तुमचं नाव. चार-पाच दिवसांत तुम्हाला कंपनीतून फोन येईल. त्यांच्यासारखी गादी कोणी भरत नाही, असं ठासून सांगा. ते खरं आहे, मी सगळं त्यांच्याकडूनच शिकलो. स्वभावाचं विचारलं, तर आवाज नीट येत नाही म्हणा.

ता. क. दुसरा. ते माझ्याच हाताखाली येणार आहेत. त्यांना अजून माहीत नाही. तेवढं तुम्हीच सांगा. लहानपणापासून ते फक्त तुम्हालाच घाबरतात.